जुनं वळण, लांब मान: २७ इंची गिटार नऊ महिने वाजवल्यावर

आधीच सांगून टाकतो, मला मेटल वाजवायचं नव्हतं. हे सांगावं लागतं, कारण लांब स्केलची, म्हणजे तारेची वाजणारी लांबी जास्त असलेली, गिटार शोधतोय म्हटलं की समोरचा लगेच काळ्याकुट्ट, शिंगं फुटल्यासारख्या टोकदार गिटारी दाखवायला लागतो. मला हवी होती जुन्या वळणाची. एकच कटअवे (मानेजवळ बॉडीला दिलेला काप), कमानदार मॅपलचा टॉप, दोन हमबकर (तारांचं कंपन पकडणारे जाड पिकअप), चार नॉब, वर स्विच. फक्त मान तीन बोटं जास्त लांब.

कारण आमची गायिका. तिचा गळा मूळ पट्टीपेक्षा पूर्ण एक स्वर खाली उतरलं की खुलतो, म्हणून आमची जवळजवळ सगळी गाणी तशीच बसवलेली. कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा) लावून वर जाता येतं, खाली जाता येत नाही. तेव्हा गिटारच उतरवायची, सहाही तारा एकेक स्वर खाली, म्हणजे डी स्टँडर्ड. माझी जुनी गिटार २४.७५ इंची. (हा आकडा नावाचा. नट म्हणजे मानेच्या टोकाची खाचांची पट्टी, फ्रेट म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या; नटपासून बाराव्या फ्रेटपर्यंत मोजून दुप्पट करा, या जातीच्या बऱ्याच गिटारी २४.६च्या आसपास भरतात.) इतकी उतरवल्यावर तिच्या तारा तारा राहतच नव्हत्या, सैल नाडी व्हायच्या. जाड तार जरा जोरात छेडली की ट्यूनरची सुई आधी उजवीकडे उडी मारायची आणि मग सावकाश मध्यावर येऊन बसायची. एकटं वाजवताना ते चालून जातं. दुसरी गिटार आणि कीबोर्ड सोबत असताना प्रत्येक कॉर्डची सुरुवात बेसूर वाटते आणि नेमकं कोण चुकतंय ते कुणालाच सापडत नाही.

आधी स्वस्तातला उपाय केला, जाड तारा. दहाच्या सेटवरून (सर्वांत बारीक तार ०.०१० इंच) बाराच्या सेटवर गेलो. ताण परत आला, पण नटच्या खाचेत तार अडकून ट्यून करताना ‘टिंग’ करत उडी मारायची. त्याहून वाईट म्हणजे इंटोनेशन, म्हणजे प्रत्येक फ्रेटवर स्वर बरोबर लागणं. जाड तार ताठ असते, म्हणून तिला ब्रिजवर जास्त मागे सरकावं लागतं. सहाव्या, सर्वांत जाड तारेचं सॅडल (ब्रिजवरचा तिचा टेकू) मागे नेता नेता स्क्रू संपला, तरी बाराव्या फ्रेटवरचा स्वर किंचित चढाच. तेव्हा कळलं की दुखणं तारेच्या जाडीत नाही, लांबीत आहे.

गणित फार अवघड नाही. तीच तार, तोच स्वर, पण लांबी वाढली तर ताण लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. २४.७५ वरून २५.५ वर गेलात तर जेमतेम सहा टक्के. २७ वर गेलात तर एकोणीस. आणि पूर्ण स्वर खाली उतरवताना आपण एकवीस टक्के ताण घालवतो. म्हणजे २७ इंची गिटारवर तोच दहाचा सेट डी स्टँडर्डला लावला तर जुन्या गिटारच्या मूळ ताणाच्या ९४-९५ टक्के ताण मिळतो. बोटांना हा फरक जाणवतो न जाणवतो एवढाच.

दुसरी एक गंमत मला कागदावर आकडे मांडताना सापडली. २७ इंची गिटारला पहिल्या फ्रेटवर कॅपो लावला की उरलेली लांबी जवळजवळ अचूक २५.५ इंच भरते, म्हणजे स्ट्रॅटोकास्टर-टेलिकास्टरची लांबी. थोडक्यात, २७ इंची गिटार म्हणजे नटच्या पलीकडे एक फ्रेट जास्त असलेली टेलिकास्टर. ‘बॅरिटोन’ (खालच्या स्वरांसाठीची लांब गिटार) या शब्दाची जी धास्ती असते ती हे कळल्यावर निम्मी उतरते.

शोधाशोध मात्र लांबली. रूप जुनं आणि स्केल लांब हे दोन्ही एकत्र हवं म्हटलं की पर्याय भराभर गळतात. छोटं स्केल म्हणजे गिब्सन आणि लांब म्हणजे फेंडर अशी आपल्या डोक्यात सोपी वाटणी असते, पण ती खरी नाही. गिब्सनचीच एल-५ ही पोकळ, भारदस्त जॅझ गिटार २५.५ इंची आहे, आणि फेंडरने १९६२ साली काढलेली जॅग्वार फक्त २४ इंची. ग्रेचची व्हाइट फाल्कनही २५.५. पण माझं काम २५.५ मध्ये भागणार नव्हतं. अर्धाच स्वर उतरायचं असतं तर तिथेच थांबलो असतो, आणि तुम्हालाही तेच सांगेन.

त्याच्या पुढे गेलं की एकदम मोठी उडी आहे. डॅनइलेक्ट्रोच्या जुन्या थाटाच्या बॅरिटोन आणि ग्रेचची जेट बॅरिटोन २९.७५ इंची. दिसायला दोन्ही देखण्या, जेट तर माझ्या मनातल्या चित्राच्या फारच जवळची. १९६१च्या फेंडर बेस सिक्सचं स्केल ३० इंच. पण तिथे वाद्यच बदलतं. कॉर्ड धरताना हात पियानोच्या डाव्या टोकाला गेल्यासारखा वाटतो आणि नेहमीचे पातळ सेट लावण्यात अर्थ उरत नाही. मधल्या २७च्या घरात स्क्वायरची टेलिकास्टर आकाराची बॅरिटोन कॅब्रोनिटा होती, पीआरएसची २७.७ इंची एसई २७७ होती. कॅब्रोनिटावर मी जवळजवळ ठरलोच होतो. मग ही दिसली: एकच कटअवे, महोगनी बॉडी, चिकटवलेली नेक (मान), २२ फ्रेट, २७ इंच. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. पुढे तक्रारी आहेत, आणि त्या माझ्या वाट्याला आलेल्या एका नगाच्या आहेत, त्यावरून अख्ख्या कारखान्याला बोल लावायचा नाही.

आली तेव्हा तिच्यावर चौदापासून अडुसष्टपर्यंतच्या जाडजूड तारा होत्या, बी ते बी स्वरांत लावलेल्या. मी त्या काढून अकराचा सेट चढवला, डी ते डी लावली आणि पहिली मोकळी तार छेडली. झणझणाट. नटच्या खाचा त्या जाड तारांच्या मापाने कापलेल्या, त्यात माझी पातळ तार सैल लोळत होती. कुणीतरी नटवर जवारी काढून ठेवल्यासारखा आवाज. तानपुऱ्यावर हेच ऐकायला आपण जीव टाकतो, पण इथे डी मेजरची कॉर्ड वाजवायची होती. शिवाय जाड तारांचा ताण गेल्यावर नेक मागे झुकली आणि पहिल्या तीन-चार फ्रेटवर तार खडखडू लागली. ट्रस रॉड (नेकच्या आतली, तिचा बाक सांभाळणारी सळई) पाव फेरा सैल केला, एक रात्र जाऊ दिली, दुसऱ्या दिवशी आणखी किंचित. खडखड गेली. नटला मात्र इलाज नव्हता. गिटार दुरुस्त करणाऱ्याने हाडाचा नवा नट बसवून बारीक कानशीने माझ्या सेटच्या मापाच्या खाचा काढून दिल्या. ‘तारा कुठल्या लावणार ते आधी ठरवा, मग नट,’ असं तो म्हणाला. लांब स्केलची गिटार घेणाऱ्याने हा खर्च आणि हेलपाटा आधीच धरून चालावा. ती कारखान्यातून ज्या ट्यूनिंगसाठी निघते ते बहुतेक वेळा तुमचं नसतं.

पहिले तीन आठवडे डावा हात रुसला होता. नटपासून चौथ्या फ्रेटपर्यंतचं अंतर जुनीवर १३० मिमी, हिच्यावर १४१-१४२. बारा मिमी म्हणजे काय, असं वाटेल. करंगळीला विचारा. त्यातून पहिला फ्रेट शरीरापासून पाच सेंटिमीटर लांब गेला, म्हणजे खांद्यापासून सगळाच हात जास्त उघडावा लागतो. पट्टा दोन भोकं वर घेतला आणि नेक जरा उभी धरायला लागलो, तेव्हा मनगटाचं दुखणं थांबलं. पूर्वी कंबरेखाली गिटार लोंबकळवून वाजवायचो, ती ऐट संपली.

बेंडचं, म्हणजे तार बोटाने बाजूला ओढून स्वर चढवण्याचं, प्रकरण उशिरा लक्षात आलं. वाजवताना सगळं ठीक वाटायचं. सरावाचं रेकॉर्डिंग ऐकलं तर प्रत्येक सोलोत बेंड थोडे उतरे. कारण साधं आहे: तार लांब, म्हणून तेवढाच स्वर चढवायला तिला थोडं जास्त सरकवावं लागतं, आणि माझी बोटं जुन्या अंतरावर सवयीने थांबत होती. हे कानाने दुरुस्त व्हायला दोन महिने गेले. हाताने झालंच नाही, कानानेच झालं. वरच्या फ्रेटवर मात्र चैन. सतराव्या फ्रेटपाशी जुनीवर १४ मिमी जागा होती, हिच्यावर सव्वा पंधरा. माझी बोटं जाड आहेत. पंधराव्याच्या पुढे पहिल्यांदाच कुणाच्या पायावर पाय न देता चालल्यासारखं वाटलं.

आवाजाबद्दल बोलताना माझंही मन एकसारखं नाही. खालच्या तीन तारा स्वच्छ झाल्या, यात वाद नाही. भरपूर ड्राइव्ह लावून, म्हणजे आवाज मुद्दाम फाटका करून, सहा तारांची कॉर्ड वाजवली तरी आतला प्रत्येक स्वर वेगळा ऐकू येतो. सुईची ती उडी बंद झाली. सहाव्या तारेचं सॅडल आता रांगेच्या मध्यावर निवांत बसलंय, मागेपुढे दोन्हीकडे जागा आहे. ते पाहून मला आवाजाइतकाच आनंद होतो. पण जुनीच्या नेक पिकअपमध्ये जो घोंगडीसारखा उबदार, जाडसर आवाज होता तो इथे नाही. इथे सुरुवातीला एक टकटकीत धार आहे, पियानोच्या खालच्या सप्तकासारखी. टोन नॉब सहावर आणला आणि पिकअपची जाड तारांकडची बाजू स्क्रूचे दोन फेरे खाली घेतली, तेव्हा बऱ्यापैकी जवळ गेलो. पूर्ण नाही.

बेसवाल्याशी भांडण झालं ते वेगळंच. पहिल्याच सरावात तो थांबून म्हणाला, ‘तू माझ्या घरात शिरतोयस.’ मी म्हटलं, ‘अरे, पूर्वीही डीच लावत होतो की.’ खरंय, खालचा डी दोन्ही गिटारींवर ७३ हर्ट्झचाच. पण जुनीवर तो गढूळ असल्यामुळे कुणाच्या वाटेत येत नव्हता, आता ठाम ऐकू येतो. शेवटी मी अ‍ॅम्पचा बेस साडेतीनवर आणला आणि दोन गाण्यांत सहावी तार सोडूनच दिली. लांब स्केल घेऊन खालची तार न वाजवणं हे ऐकायला विनोदी आहे, पण आता गायिकेचे शब्द जास्त स्पष्ट ऐकू येतात.

मोह म्हणून मध्ये महिनाभर सी स्टँडर्डला लावून पाहिली, अकराच्याच सेटवर. वाजते. सहावी तार थोडी ढिली पडते, बाराचा सेट हवा. पण वाजवायला काही गाणं नव्हतं, मग परत डीवर आणली.

आता राहिलेल्या तक्रारी. फ्रेटची टोकं कोरड्या दिवसांत नेकच्या कडेला बाहेर येऊन तळहाताला ओरखडायची, ती घासून घ्यावी लागली. स्विच पाचव्या महिन्यात खरखरू लागला. कॉन्टॅक्ट क्लीनरने तीन आठवडे गप्प बसला, मग पुन्हा तेच, शेवटी बदलला. हात सोडला की हेडस्टॉक (नेकचं खुंट्यांचं टोक) जमिनीकडे झुकतो. आतून खरखरीत चामडं असलेला रुंद पट्टा घेतल्यावर झुकणं कमी झालं, संपलं नाही.

आणि पेटी. बॉडी तीच तर पेटी तीच, असा मी हिशेब केला होता. जुन्या हार्ड केसमध्ये ठेवायला गेलो तर बॉडी अलगद बसली आणि हेडस्टॉक पेटीच्या भिंतीवर टेकून वरच राहिला. झाकण चार बोटं उघडं. दाबून बंद करायचा विचार आला होता, हे कबूल करतो. सध्या ती बेस गिटारच्या बॅगेत फिरते, बॉडीच्या दोन्ही बाजूंना जुने टॉवेल कोंबून. कुणी विचारलं तर मी बेस वाजवतो.

जुनी गिटार विकलेली नाही. तिला पुन्हा दहाचा सेट लावून मूळ पट्टीत आणलंय, ज्या दोन गाण्यांत वर जायचं असतं तेवढ्यापुरती. गेल्या आठवड्यात घाईत ती उचलली, पहिल्या फ्रेटवर एफ धरला आणि छेडलं, तर सगळ्या तारा मुक्या. खाली पाहिलं. तर्जनी बरोबर नटवर आडवी पडली होती.