‘देशी गवत, देखभाल शून्य’: सौदा करण्याआधी हे तपासा

‘देशी गवत आहे, पाणी लागत नाही, कापावे लागत नाही.’ एवढ्या बोलण्यावर अंगणाचा सौदा होतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये पूर्ण रक्कम घेतली जाते, दोन दिवसांत तयार गवताचा हिरवागार गालिचा अंथरला जातो आणि पुढच्या दिवाळीपर्यंत त्या जागी लव्हाळा आणि गाजरगवत उरते. तक्रार केली की ठरलेले उत्तर मिळते, ‘तुमचे पाणी कमी पडले.’ पाणी बहुतेक वेळा कमी पडलेले नसते. गवत वेगळे असते, माती कमी असते, किंवा दोन्ही.

फसवणूक ‘देशी’ या शब्दापासूनच सुरू होते. बिलावर ‘देशी लॉन’ एवढेच लिहिलेले असेल तर त्या नावाखाली काहीही देता येते. आपल्याकडे अंगणात पसरवण्याजोगे खरे देशी गवत म्हणजे हरळी, गणपतीला वाहतो तीच दूर्वा. शास्त्रीय नाव सायनोडॉन डॅक्टिलॉन. तिच्या नावावर पुष्कळदा कोरियन गालिचा, म्हणजे झोयसिया, खपवला जातो. तो पूर्व आशियातला आहे, सावकाश वाढतो आणि दोन-तीन वर्षांत उंचवट्यांसारखा फुगतो. पानांवरून फरक ओळखणे अवघड, पण तुऱ्यावरून अगदी सोपे. दूर्वेच्या काडीच्या टोकाला एकाच बिंदूतून तीन ते सहा बारीक बोटे फुटतात. झोयसियाला एकच सरळ कणीस येते. म्हणून रोपवाटिकेत गेल्यावर न कापलेला, तुरा आलेला तुकडा दाखवायला सांगा. तो दाखवायला टाळाटाळ झाली तर तिथे खरेदी करू नका. शोभेच्या गवतातही हेच चालते. ‘लाल देशी गवत’ म्हणून विकले जाणारे जांभळट पानांचे, कोल्ह्याच्या शेपटीसारख्या तुऱ्याचे गवत म्हणजे पेनिसेटम सेटेशियम. ते मूळचे आफ्रिकेतले. उंच झुपका हवा असेल तर मारवेल हे देशी गवत मागा. त्याच्या काडीच्या पेऱ्यांभोवती पांढऱ्या केसांचे कडे असते. ते कडे नसेल तर घेऊ नका. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा ‘फुले मारवेल 06-40’ हा चाऱ्याचा वाण आहे. जनावरांसाठी लावलेल्या कुणाच्या बांधावरून त्याचे ठोंब मिळाले तर बागेलाही चालतात.

सर्वात मोठा पैसा मात्र मातीत मारला जातो आणि तो नंतर कुणाला दिसतही नाही. चारशे चौरस फुटांवर सहा इंच माती पसरायची तर 200 घनफूट, म्हणजे 2 ब्रास माती लागते. बिलावर 2 ब्रास लिहिलेले असतात. प्रत्यक्षात बांधकामाच्या राड्यारोड्यावर दीड इंच लाल मातीचा थर ओढला जातो, म्हणजे जेमतेम अर्धा ब्रास. वर गालिचा अंथरला की सगळे झाकले जाते. खाली विटांचे तुकडे, सिमेंटचे गोळे आणि चुन्याची खर असते. मुळे त्यात उतरत नाहीत, वरचा थर दुपारपर्यंत वाळतो, आणि मग रोज पाणी घालूनही गवत पिवळेच राहते. ट्रॉली रिकामी होण्याआधी आतली लांबी, रुंदी आणि मातीची उंची फुटांत मोजा, तिन्हींचा गुणाकार करा आणि 100 ने भागा. तेवढे ब्रास आले. मोकळी माती पाणी पडल्यावर बसते, म्हणून मोजणीत थोडी जास्तच हवी. पसरल्यानंतर एक सळई पाच-सहा ठिकाणी खुपसून पाहा. सहा इंचांच्या आत ती कुठे अडते हे गालिचा येण्याआधी कळले पाहिजे.

याच मातीतून लव्हाळा येतो. तो गवतासारखा दिसतो, पण गवत नाही. त्याची काडी बोटांत फिरवली की तीन धारा लागतात आणि खाली साखळीने जोडलेल्या काळ्या गाठी असतात. खुरपून वरचे पान निघते, गाठी राहतात. तणनाशकानेही निजलेल्या गाठी मरत नाहीत. यावर उपाय फक्त आधीचा. माती ठरवण्याआधी तिची एक पाटी घरी आणा, ओली करून ओल्या गोणपाटाखाली दहा-बारा दिवस उबेत ठेवा. तीनधारी कोंब दिसले तर ती माती घेऊ नका, कितीही स्वस्त असो.

दूर्वेला खरे तर गालिच्याची गरजच नाही. तिची पेरे असलेली कांडी खोचून लावली की ती पसरते. शेतकरी जी हरळी शेतातून काढण्यासाठी मजुरी देतो, तीच इथे चौरस फुटाच्या भावाने विकत घेतली जाते. खोचणीत चोरी होते ती अंतरात. दहा सेंटिमीटरवर लावायची तर चारशे चौरस फुटांना सुमारे 3,700 कांड्या लागतात, पंधरावर सुमारे 1,650. कंत्राटदार तीस सेंटिमीटरवर लावतो, म्हणजे चारशेच्या आसपास, आणि ‘आपोआप भरेल’ म्हणतो. ती भरेपर्यंत मधल्या जागेत तण माजते. एक चौरस मीटरची सुतळीची चौकट टाकून आतल्या कांड्या मोजा. पंधराच्या अंतरावर 44 हव्यात. आणि दिवसातून पाच-सहा तास ऊन नसलेल्या जागी दूर्वा घेऊच नका. इमारतीच्या सावलीत ती विरळ होत संपते, हे विकणाऱ्यालाही माहीत असते. तिथे पालापाचोळ्याचा थरच बरा.

उन्हाळ्यातली फसवणूक सर्वात वाईट, कारण तिच्यात जिवंत गवत मेले म्हणून उपटले जाते. मारवेल, पवना, कुसळी ही गवते पावसाळ्यात वाढतात आणि नोव्हेंबरनंतर वाळून तांबूस होतात. कमी पाण्यात जगण्याची त्यांची रीतच ती आहे. पाणी कमी पडले की दूर्वाही तपकिरी होते. विकताना हे कुणी सांगत नाही. मग एप्रिलमध्ये तोच माणूस येऊन ‘मेले, नवीन टाकावे लागेल’ म्हणतो आणि दुसऱ्यांदा पैसे घेतो. होकार देण्याआधी तीन-चार जागी खुरप्याने बुडखा उकरा. आतला गाभा पांढरट आणि टणक असेल तर गवत निजले आहे. एका कोपऱ्याला दहा दिवस पाणी द्या, हिरवे कोंब येतील. बुडखा तपकिरी, पोकळ आणि ओढताच सुटणारा असेल तरच ते मेले. आणि बारमाही हिरवळच हवी असेल तर ‘पाणी लागत नाही’ हे विसरा. पहिल्या पावसाळ्यात रुजेपर्यंत तर प्रत्येकच गवताला पाणी द्यावे लागते.

वाळ्याच्या नावाने गवती चहाही दिला जातो. पान चुरगाळून लिंबासारखा वास आला तर तो गवती चहा. वाळ्याच्या पानाला असा वास नसतो, सुगंध मुळाला. दहा फुटांच्या कुंपणाला पंधरा सेंटिमीटर अंतराने वीस-एकवीस ठोंब पुरतात.

बियाण्याच्या पुड्यांबद्दल विशेष सावध राहा. मारवेल, पवना यांचे बी कुसळे-केसांसह हलके असते आणि किलोत पुष्कळ पोकळ फोलच भरते. शंभर फोले मोजून तळहातांवर चोळा, फुंकर मारा आणि उरलेले दाणे मोजा. दहा-पंधराही निघाले नाहीत तर पुडी परत करा. ताजे बी काही महिने निजलेले असते, म्हणून काढणीचा महिना विचारा. मागच्या हंगामाचे बी जून-जुलैत, एक सेंटिमीटरपेक्षा खोल न जाईल असे पेरा. आणि निळ्या-गुलाबी गवताच्या फोटोवर ऑनलाइन पैसे भरू नका.

सौद्याच्या कागदावर गवताचे शास्त्रीय नाव, मातीचे ब्रास आणि लागवडीचे अंतर लिहून घ्या. आगाऊ रक्कम तिसऱ्या हिश्श्याहून जास्त देऊ नका, दुसरा हप्ता माती मोजल्यावर आणि शेवटचा 45 दिवसांनी द्या. ऑनलाइन भरलेले पैसे बुडाले तर लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनच्या 1930 वर, आणि माल-कामाच्या तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर फोन करा. जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते आणि 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. त्यासाठी पुरावा आत्ताच जमवा: गवताची तुरा आलेली काडी मुळासकट उपटा, वर्तमानपत्राच्या घडीत दाबून वाळवा, तारीख लिहा आणि जवळच्या महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागाकडून तिचे नाव लेखी घ्या. मातीचा थर सळईने मोजताना फोटो काढा, सळईशेजारी फूटपट्टी ठेवून.