सुडोकूपॅड वापरून बघा, पण आधी हाताशी निवांत वेळ ठेवा

पेपरातला सुडोकू चहा संपायच्या आत सुटायला लागला आणि 'अति अवघड' असा शिक्का मारलेला सुडोकूही नुसता वेळखाऊ वाटायला लागला, की व्हेरिएंट सुडोकूकडे वळावं. मी तशीच वळले, आणि ते सोडवण्यासाठी सुडोकूपॅड वापरायला लागले. स्वेन नॉयमान या प्रोग्रॅमरने बनवलेलं हे साधन ब्राउझरमध्येच चालतं. नावनोंदणी नाही, पैसे नाहीत. कोड्याचा दुवा उघडला की समोर चौकट येते, शेजारी त्या कोड्याचे नियम आणि आकड्यांची बटणं. आता ते माझ्या रोजच्या वापरातलं झालंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

व्हेरिएंट म्हणजे मूळ नियम तसेच ठेवून वर आणखी एखादा नियम घालायचा. प्रत्येक आडव्या ओळीत, उभ्या ओळीत आणि तीन बाय तीनच्या चौकोनात १ ते ९ एकेकदाच, हे आहेच. थर्मो प्रकारात चौकटीवर थर्मामीटर काढलेले असतात आणि गोल टोकापासून पुढे आकडे चढतच जायला हवेत. सात घरांचा थर्मामीटर असेल तर त्यातल्या प्रत्येक घराला फक्त तीनच आकडे शक्य उरतात. अ‍ॅरोमध्ये बाणावरच्या आकड्यांची बेरीज बाणाच्या गोलातल्या आकड्याएवढी. सँडविचमध्ये ओळीच्या बाहेर एक संख्या लिहिलेली असते, ती त्या ओळीतल्या १ आणि ९ यांच्या मधल्या आकड्यांची बेरीज. बाहेर ३५ दिसलं तर २ पासून ८ पर्यंत सगळे मध्ये आले, म्हणजे १ आणि ९ ओळीच्या दोन टोकांना. बाहेर शून्य दिसलं तर ते दोघे एकमेकांना चिकटून.

मी एका पतसंस्थेत हिशेब बघते, त्यामुळे मला पहिल्यांदा पकडलं ते किलरने. त्यात तुटक रेषेने बांधलेले गट असतात, गटाच्या कोपऱ्यात बेरीज लिहिलेली, आणि गटात आकडा पुन्हा यायचा नाही. बहुतेक वेळा सुरुवातीला एकही आकडा दिलेला नसतो. पण १ ते ९ ची बेरीज ४५, हे हातात असतं. एका चौकोनातले गट मिळून आठ घरं व्यापत असतील आणि त्यांची बेरीज ३८ होत असेल, तर राहिलेल्या घरात ७. ताळेबंदात फरक कुठे अडकलाय ते शोधतात, तसंच हे. एक चौकोन झाला की दोन चौकोन मिळून ९०, तीन ओळी मिळून १३५, असं करत करत अख्खी चौकट उलगडते. ऑफिसात दिवसभर बेरजा करून घरी पुन्हा बेरजा कशाला, असं घरचे विचारतात. इथे प्रत्येक बेरजेतून एक आकडा हाती लागतो आणि त्या आकड्यातून पुढची बेरीज सुचते, म्हणून.

पण माझा सगळ्यात लाडका प्रकार जर्मन व्हिस्पर्स. चौकटीवर हिरवी रेषा काढलेली असते आणि रेषेवरच्या शेजारशेजारच्या दोन आकड्यांत किमान ५ चा फरक हवा. नियम एवढाच. आता जरा कागद-पेन्सिल घेऊन माझ्याबरोबर बघा. रेषेवर ५ येऊच शकत नाही, कारण त्याच्यापासून ५ च्या अंतरावर ० आणि १०, आणि ते दोन्ही आपल्याकडे नाहीत. मग रेषेवर १ ते ४ हे लहान आणि ६ ते ९ हे मोठे, एकाआड एक येणार. ४ च्या शेजारी फक्त ९ चालतो. ६ च्या शेजारी फक्त १.

समजा अशी आठ घरांची रेषा एकाच चौकोनात वळसे घेत फिरते. चौकोनात आकडा पुन्हा येत नाही, त्यामुळे नववं घर ५ चं. ४ ला एकच शेजारी मिळू शकतो, म्हणून तो रेषेच्या टोकाला, आणि त्याला लागून ९. ६ दुसऱ्या टोकाला, त्याला लागून १. आता ३ बघा. त्याला ८ आणि ९ एवढेच शेजारी चालतात. टोकं तर गेली, म्हणजे ३ मध्ये कुठेतरी आहे आणि त्याला दोन्ही शेजारी हवेत. म्हणून ४, ९, ३, ८. दुसऱ्या टोकाकडून ७ ची तीच गत, त्याला १ आणि २ लागतात. म्हणून ६, १, ७, २. दोन्ही तुकडे जोडले की ४, ९, ३, ८, २, ७, १, ६. चौकटीत एकही आकडा दिलेला नसताना पूर्ण रेषा लिहून झाली! फक्त ती कुठल्या टोकाकडून वाचायची एवढंच ठरवायचं राहिलं, आणि त्यासाठी बाहेरचा एखादा आकडा पुरतो.

हे जेव्हा माझ्यासमोर पहिल्यांदा उलगडलं तेव्हा मी पेन खाली ठेवून नुसती बघत राहिले. अ‍ॅपवर हजारोंनी मिळणारे सुडोकू मशीन तयार करतं. ते सुटतात, पण त्यात कुणी काही ठरवून ठेवलेलं नसतं. व्हेरिएंट सुडोकू माणसं रचतात, आठवडेच्या आठवडे घालवून. कुठल्या घराकडे तुमचं लक्ष आधी जाईल, कुठे तुम्ही अडाल, आणि अडल्यावर काय दिसलं की पुढची सगळी ओळ धडाधड सुटेल, हे रचणाऱ्याने योजलेलं असतं. ती योजना सापडणं हाच यातला खरा आनंद. त्यासाठी मी तासभर एकही आकडा न लिहिता बसायला तयार असते.

उदाहरण हवं असेल तर 'मिरॅकल सुडोकू' बघा. मिचेल ली यांनी रचलेलं हे कोडं 'क्रॅकिंग द क्रिप्टिक' या यूट्यूब चॅनेलवर सायमन अँथनी यांनी मे २०२० मध्ये सोडवलं. अख्ख्या चौकटीत दोनच आकडे दिलेले, एक १ आणि एक २. जोडीला तीन नियम: बुद्धिबळातल्या घोड्याच्या अंतरावर तोच आकडा नको, राजाच्या अंतरावर नको, आणि कडेला कड लागलेल्या घरांत लागोपाठचे आकडे नकोत. अँथनी सुरुवातीला गोंधळतात, हे सुटणारच नाही अशा सुरात बोलतात, आणि साधारण पंचवीस मिनिटांनी चौकट भरलेली असते. लॉकडाऊनच्या त्या दिवसांत जगभर तो व्हिडिओ फिरला. चॅनेल चालवणारे दुसरे गृहस्थ मार्क गुडलिफ, ब्रिटनमधल्या 'द टाइम्स'च्या शब्दकोडे स्पर्धेचे अनेकदा विजेते. दोघंही विचार मोठ्याने बोलत सोडवतात, त्यामुळे शिकायला फार सोपं जातं. पण व्हिडिओ बघायच्या आधी कोडं स्वतः करा. सोडवायची वाट एकदा दिसली की ते कोडं तुमच्यासाठी संपलं.

आता साधनाबद्दल. सुडोकूपॅडमध्ये घरात लिहायच्या चार तऱ्हा आहेत: पक्का आकडा, कोपऱ्यातली बारीक नोंद, मधली बारीक नोंद आणि रंग. कीबोर्डवर शिफ्ट दाबून आकडा दिला की कोपऱ्यात बसतो, कंट्रोल दाबून दिला की मध्ये. माउस ओढत नेला की हवी तेवढी घरं एकदम निवडता येतात, आकड्यावर दोनदा क्लिक केलं की चौकटीतले सगळे तेच आकडे निवडले जातात. हे वाचायला किरकोळ वाटेल, पण दीड तास चालणाऱ्या कोड्यात बोटांना हेच हवं असतं. व्हिस्पर्समध्ये मी लहान आकड्यांना एक रंग देते, मोठ्यांना दुसरा, आणि कितीतरी वेळ आकड्यांकडे न बघता नुसत्या रंगांवरून पुढे जाते. रेषा काढायचं पेनही आहे.

कोपऱ्यातल्या नोंदींची एक पद्धत आहे, स्नायडर नोटेशन. चौकोनात एखादा आकडा दोनच घरांत बसत असेल तरच त्याची नोंद करायची, नाहीतर नाही. चौकट स्वच्छ राहते आणि जोड्या आपोआप डोळ्यांत भरतात. ही ज्यांच्या नावाने ओळखली जाते ते अमेरिकेचे थॉमस स्नायडर २००८ साली विश्वविजेते झाले, आणि ती जागतिक सुडोकू स्पर्धा झाली होती आपल्या गोव्यात. पुढे २०१७ मध्ये ही स्पर्धा बंगळुरूला भरली. आपल्याकडे 'लॉजिक मास्टर्स इंडिया' ही संस्था वर्षभर ऑनलाइन स्पर्धा घेत असते, त्यातही व्हेरिएंट भरपूर असतात. वेळ लावून सोडवायची आवड असेल त्यांनी तिकडे जरूर जावं. मला घड्याळाशी शर्यत नको असते.

कागदावर करताच येणार नाही असा एक प्रकार इथे आहे तो धुक्याचा, म्हणजे फॉग ऑफ वॉर. चौकट जवळजवळ सगळी झाकलेली असते. बरोबर आकडा भरला की त्याच्या आसपासचं धुकं हटतं आणि खालचा एखादा बाण, एखादा गट, रेषेचं एखादं टोक दिसतं. पुढचा आकडा त्यावरून. रचणाऱ्याला इथे गोष्ट सांगितल्यासारखं कोडं उलगडता येतं: आधी हे दाखवीन, मग ते. अंदाजाने आकडे टाकून धुकं हटवता येतं हे खरं, पण मग सोडवायचं काय राहिलं? नवख्या माणसालाही हा प्रकार मानवतो, कारण कुठे बघायचं ते ठरलेलं असतं.

सुडोकूपॅड सूचना देत नाही, आणि मला हा त्याचा सगळ्यात मोठा गुण वाटतो. चेकचं बटण आहे. आतापर्यंत लिहिलेल्यात काही चुकलंय का तेवढं ते सांगतं, पुढची पायरी सांगत नाही. पुण्यात शिकणारी माझी भाची याच मुद्द्यावर भांडते. "मावशी, अर्धा तास झाला, निदान कुठल्या चौकोनात बघू ते तरी सांग!" मी तिला एवढंच म्हणते, की नियम परत एकदा सावकाश वाच. दर वेळी नियमातला एखादा शब्द वापरायचा राहिलेला असतो. परवा तिने रात्री उशिरा पूर्ण भरलेल्या चौकटीचा फोटो पाठवला, खाली फक्त उद्गारचिन्हं. त्याला मी काय उत्तर देणार, मीही उद्गारचिन्हंच पाठवली.

अडचणी सांगायच्या तर दोन. पहिली म्हणजे मोबाईलचा पडदा. साधा सुडोकू फोनवर छान होतो, मोबाईलसाठी वेगळं अ‍ॅपही आहे, पण किलरचे गट, त्यावर बाण आणि त्यात चार-चार बारीक नोंदी असल्या की चाळिशीच्या डोळ्यांना टॅब्लेट किंवा लॅपटॉपच बरा. दुसरी, नियम बहुतेक इंग्रजीत असतात, आणि काही रचणारे ते वकिली थाटात लिहितात. माझ्या आईची तर्कबुद्धी माझ्यापेक्षा तल्लख आहे, पण तिला नियम आधी मराठीत समजावून द्यावे लागतात. एकदा समजले की मग ती मला विचारत नाही.

कोडी कुठून घ्यायची, तर 'लॉजिक मास्टर्स डॉइचलँड' या जर्मन पोर्टलवर जगभरचे रचणारे आपली कोडी टाकतात आणि बऱ्याच कोड्यांना सुडोकूपॅडचा दुवा जोडलेला असतो. तिथे काठिण्य पाच ताऱ्यांत दाखवतात. एक-दोन ताऱ्यांपासून सुरुवात करा. पेपरातले कठीण सुडोकू सहज सोडवणाऱ्यालाही तिथले तीन तारे घाम काढतात. फिस्टोमेफेल या टोपणनावाने रचणाऱ्या जर्मन माणसाची कोडी मात्र घाईने उघडू नका, ती बहुतेक फार कठीण असतात. त्याच्याच नावाचं एक कडं आहे: मधल्या चौकोनाला वेढणाऱ्या सोळा घरांत जे आकडे येतात, नेमके तेच आकडे चौकटीच्या चार कोपऱ्यांतल्या दोन बाय दोनच्या सोळा घरांत येतात. कुठल्याही सुडोकूत, अगदी आजच्या पेपरातल्याही. सोडवलेला एखादा घ्या आणि मोजून बघा. कारण शोधायचं असेल तर पहिली, दुसरी, आठवी आणि नववी उभी ओळ एकीकडे धरा. दुसरीकडे तिसरी आणि सातवी आडवी ओळ, आणि मधल्या पट्ट्यातले डावा-उजवा असे दोन चौकोन. दोन्हीकडे १ ते ९ चे चार-चार संच आहेत. दोन्हींत सामाईक असलेली घरं खोडा, आणि उरलेली बघा.

पहिला प्रकार म्हणून मी किलर सुचवीन. दोन घरांत १७ म्हणजे ८ आणि ९, तीन घरांत ७ म्हणजे १, २, ४, चार घरांत १० म्हणजे १ ते ४, एवढं लक्षात ठेवलंत तरी सुरुवात होते. मग थर्मो, मग अ‍ॅरो, आणि हात बसला की व्हिस्पर्स. नियम लिहिणं रचणाऱ्याच्याच हातात असतं, तेव्हा कुणी मराठीत नियम लिहून कोडं रचलं असेल तर मला दुवा नक्की पाठवा. आईला आणि मला दोघींना शनिवारची दुपार मोकळी असते.