मलप्रभेची प्रदक्षिणा: बेळगाव-खानापूर-जांबोटी रस्त्यांची सायकलवरून पारख

खानापूर तालुक्यात रोड बाइक न्यायची म्हटली की लोक आधी घाटाची भीती घालतात. भ्यायचंच तर डांबराच्या कडेला भ्यावं. बेळगाव साडेसातशे मीटरवर, खानापूर साडेसहाशेच्या आसपास आणि थेट सह्याद्रीच्या माथ्यावरची कणकुंबी आठशेच्या घरात. एवढ्या फरकाला कोणी घाट म्हणत नाही. चढ येतात ते तुटक: ओढ्यात उतरा, मोरी ओलांडा, पलीकडचं टेकाड चढा, की पुढचा ओढा हजर. एकेक चढ किरकोळ वाटतो, पण दिवसभरात बेरीज मोठी होते आणि मांड्यांना ती जांबोटीनंतर समजते.

मुख्य फेरी बेळगाव-खानापूर-जांबोटी-बेळगाव, साधारण ७५ किलोमीटरची. बरेच जण ती आधी जांबोटीला जाऊन करतात. आमचं मत उलटं: प्रदक्षिणेच्या दिशेनेच घालावी, म्हणजे आधी खानापूर, मग जांबोटी, मग किणयेमार्गे घर. त्याला तीन कारणं आहेत. बेळगाव-खानापूर हा २६ किलोमीटरचा चौपदरी महामार्ग या फेरीतला सर्वात नीरस तुकडा, पण एकूण उताराचा. पहाटे साडेपाच-सहाला निघालं तर वाहनं तुरळक असतात आणि तासाभरात तो पायाखालून जातो. दुसरं, खानापूर-जांबोटीचं जंगल पुरतं उजाडल्यावर लागतं. अस्वल आणि गवा या भागात खरोखर आहेत आणि त्यांची वेळ पहाटेची नि तिन्हीसांजेची. तिसरं कारण वाऱ्याचं. फेब्रुवारीपासून पुढे दुपार कलली की पश्चिमेचा वारा सुटतो. जांबोटीहून बेळगावला ईशान्येकडे येताना तो पाठीवर मिळतो. उलट फेरी केली तर शेवटचे २६ किलोमीटर रणरणत्या महामार्गावर, शंभर मीटर चढत, ट्रकच्या धुरात. ही शिक्षा कोणी हौसेने का घ्यावी?

महामार्गावर गुळगुळीत पट्टा दिसला म्हणून मधल्या लेनमध्ये रेंगाळू नये. डावीकडच्या पांढऱ्या रेघेबाहेर पुरेशी जागा आहे, फक्त तिथे काच आणि फुटलेल्या टायरच्या तारा साठतात. या तारा केसासारख्या बारीक असतात. टायरमध्ये घुसतात आणि पंक्चर पाच-दहा किलोमीटरनंतर होतं. म्हणून खानापुरात चहाला थांबाल तेव्हा दोन्ही टायर हाताने फिरवून बघा, चमकणारं काही दिसलं की नखाने किंवा चिमट्याने काढा. इथे एक मिनिट दिलं की पुढे जंगलात वीस मिनिटं वाचतात.

खानापूर वीट आणि कौलांचं गाव. भट्ट्यांना माती नेणाऱ्या ट्रॅक्टरमधून लाल चिकणमाती रस्त्यावर सांडते. वाळलेली असेल तर नुसती धूळ. अवकाळी सर पडली किंवा नुसतं दव साचलं, तरी तिचं लोणी होतं. अशा पट्ट्यावर ब्रेक दाबायचा नाही, हँडल वळवायचं नाही, पेडल थांबवून सरळ जाऊ द्यायचं. विशेषतः गावाबाहेरच्या वळणांवर हे लक्षात ठेवा.

खानापूर ते जांबोटी सुमारे १८ किलोमीटर आणि फेरीचं खरं सुख इथेच आहे. भातखाचरं, काजूच्या बागा, मग दाट सावली. सावली मात्र फुकट मिळत नाही. उन्हातून एकदम झाडाखाली शिरलं की डोळ्यांना दोन-तीन सेकंद काही दिसत नाही, आणि खड्डे नेमके तिथेच असतात, कारण पानांतून ठिबकणारं पाणी सावलीत लवकर सुकत नाही नि डांबर सोडवतं. काळा चष्मा घालणाऱ्यांना हे जास्त बाधतं, फिक्या पिवळ्या काचेचा बरा. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये याच सावलीत शेवाळाचा हिरवा पट्टा असतो, बहुधा रस्त्याच्या मधोमध, जिथे चाकं फिरत नाहीत. गाड्यांच्या चाकोरीतून चालवा.

आता सुरुवातीला म्हटलेली डांबराची कड. पावसाळ्यात साइडपट्टीची तांबडी माती वाहून जाते आणि डांबराची कड तीन-चार इंच वर राहते. समोरून गोव्याची मोटार ओव्हरटेक करत आली की सायकलवाला खाली उतरतो. उतरणं सोपं, वर येणं अवघड. चालत्या सायकलवरून तिरकं वर चढायला गेलं की पुढचं चाक कडेला घासत राहतं, वर चढत नाही आणि माणूस थेट रस्त्यात आडवा होतो. खाली गेलात तर तिथेच थांबा, पाय टेका, सायकल उचलून वर घ्या. त्यापेक्षा मुळातच कडेपासून हात-दीड हात आत चालवा, म्हणजे मागच्या गाडीला तुम्ही दिसता आणि तुमच्याकडे सरकायला जागा उरते.

याच कारणाने २५ मिमीचे टायर इथे आणू नयेत. २८ हे किमान, ३२ बसत असतील तर बसवाच. हवा ठासून भरण्याची सवयही सोडावी. सत्तर किलोच्या माणसाला ट्यूब असलेल्या २८ मिमीमध्ये मागे ७५ आणि पुढे ७० पीएसआय पुरते, ३२ मिमीमध्ये ६० आणि ५५. याहून फार कमी केली तर खड्ड्याच्या धारेवर ट्यूब रिम नि टायरच्या मध्ये चिमटते आणि एकमेकांशेजारी दोन भोकं पडतात. पॅच लावताना एकच सापडलं म्हणून खूश होऊ नका, दुसरं तिथेच बोटभर अंतरावर असतं.

गिअरचं सांगायचं तर पुढे ५० आणि ३४ दातांची दोन चक्रं (५०/३४) आणि मागे ११ ते ३४ दातांचा संच (११-३४) असावा. सर्वात हलक्या गिअरमध्ये मिनिटाला साठ पेडल मारली तर ताशी साडेसात किलोमीटरने चढता येतं, म्हणजे तोल न जाता बसून. मागे २५ किंवा २८ दात असलेल्यांना मुख्य फेरी जमेल, पण खालचा चोर्ला घाटाचा परिच्छेद त्यांनी वाचायचीही गरज नाही, उतरलेला घाट परत चढावा लागतो.

जांबोटीचा तिठा हे या सगळ्या भागाचं नाक. चहा, पोटाला काहीतरी गरम, केळी, पाण्याच्या बाटल्या सगळं इथे घ्यायचं, कारण कणकुंबीकडे वळलात तर पुढचे १८-२० किलोमीटर दुकानांचा भरवसा नाही आणि मोबाइलला रेंजही धड नाही. रेंज नाही म्हणजे क्यूआर कोडही नाही. खिशात दोन-तीनशे रुपये सुट्टे ठेवा. साडेसातशे मिलिलिटरच्या दोन बाटल्या भरून निघा. खाण्यात गूळ-शेंगदाण्याची चिक्की सर्वात सोयीची. बेळगावचा कुंदा, म्हणजे दुधाची मऊ मिठाई, जर्सीच्या खिशात घालून निघणारेही आहेत. दहा किलोमीटरमध्ये तो खिशाचा होतो, पोटाचा होत नाही. कुंदा घरी आल्यावर.

कणकुंबीचा रस्ता सुंदर आहे आणि चुकीच्या दिवशी गेलात तर असह्य आहे. बेळगावहून चोर्लामार्गे गोव्याला जाणारी वाहतूक हीच. शुक्रवार संध्याकाळ ते रविवार रात्र पर्यटकांच्या मोटारी, आणि रोज पहाटे गोव्याला भाजी पोचवून परतणारे टेम्पो, ज्यांचे चालक रात्रभर जागे असतात. मंगळवार ते गुरुवारमध्ये, सकाळी आठनंतर हा तुकडा घ्यावा. कणकुंबीत माउलीच्या देवळाजवळ मलप्रभेचा उगम. खानापुरात आणि कुसमळीला जी नदी पुलावरून ओलांडायची ती इथे एका कुंडात मावते. गावाच्या पलीकडे उतरणारं पाणी मात्र म्हादई नदीचं. एक पाणी कृष्णेतून पूर्व समुद्राला, दुसरं गोव्यातून पश्चिम समुद्राला. कळसा-भांडुरा कालव्याचं खोदकाम याच गावाशी झालं आहे, म्हादईच्या पाण्यावरून चाललेल्या कर्नाटक-गोवा वादाचं मूळ ज्या नकाशात आहे तो पायाखाली बघायचा असेल तर एवढ्यासाठीही ही चक्कर वसूल आहे. जांबोटीहून कणकुंबी आणि परत धरलं तर फेरी ११० किलोमीटरच्या पुढे जाते. जास्त वाटत असेल तर खानापूर वगळून सरळ बेळगाव-जांबोटी-कणकुंबी असं जाऊन-येऊन करा, शंभरच्या आत-बाहेर होतं.

कणकुंबीपुढे चोर्ला आणि मग गोव्यातल्या केरीपर्यंत घाट, सातशे मीटरच्या आसपास सलग उतार. उतरताना रिम ब्रेक दाबून धरला तर रिम तापते, ट्यूबच्या जोडाचा पॅच सुटतो किंवा टायर बसकतो. वळणाआधी जोरात दाबा, वेग कमी करा, सोडा. पुढचा आणि मागचा आलटून-पालटून. डिस्क ब्रेक असेल तरी पद्धत हीच. धुक्यात मागचा दिवा लुकलुकता ठेवा, आणि पावसाळ्यात हा घाट सायकलसाठी नाहीच. जून ते सप्टेंबर कणकुंबीला जो पाऊस पडतो त्यापुढे बेळगावचा पाऊस म्हणजे शिंतोडा. पाच मीटरवरची सायकल ट्रकला दिसत नाही.

भीमगडच्या अभयारण्यात, आमगाव-देगाव-गवाळीच्या बाजूला, रोड बाइक घेऊन जायचा विचार करू नका. २०११ साली घोषित झालेलं ते राखीव जंगल आहे, वनखात्याची परवानगी लागते आणि रस्ता म्हणण्यासारखं फारसं काही नाही.

परत येताना कुसमळीचा मलप्रभेवरचा पूल, मग किणये, मग पिरनवाडी. किणयेपासून पुढे गतिरोधकांवर पांढरे पट्टे असतीलच असं नाही. दाट वस्ती दिसली की गतिरोधक आहे असं धरूनच चालवा. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये आणखी एक अडचण: मळणीसाठी रस्त्यावर पसरलेली नाचणी नि भाताचं पिंजर. त्यावरून जाताना काड्या मागच्या डिरेलरच्या (साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या यंत्राच्या) चाकांत गुंततात. साखळी करकरली की लगेच थांबा, मागे पेडल फिरवून काड्या हाताने काढा. जोर लावून पुढे रेटलं की डिरेलरचा हँगर (तो फ्रेमला जोडणारा छोटा तुकडा) वाकतो किंवा मोडतो, आणि तो सुटा भाग वाटेत कुठेच मिळत नाही. आपल्या फ्रेमचा एक जादा हँगर पिशवीत ठेवणं यासाठीच.

बाकी पिशवीत दोन ट्यूब, पॅच, जुन्या टायरचा तीन इंची तुकडा (टायरची बाजू फाटली तर आतून लावायला), साखळीची जोडकडी, ४-५-६ च्या ॲलन चाव्या आणि प्रेस्टा व्हॉल्व्हचा (रोड बाइकच्या बारीक व्हॉल्व्हचा) पितळी अडॅप्टर. खानापूर, जांबोटीच्या पंक्चरवाल्याकडे मोटारसायकलचा कॉम्प्रेसर असतो, अडॅप्टर नसेल तर त्याचा उपयोग शून्य. अडॅप्टर असला तरी एकेका सेकंदाच्या झटक्याने भरायला सांगा, नाहीतर बारीक टायर फट्‌दिशी जातो. सायकल पुरती बिघडली तर वडाप (प्रवासी वाहून नेणारी जीप) किंवा रिकामा टेम्पो थांबवा. टपावर चढवताना डिरेलरची बाजू वर.

अर्ध्या दिवसाच्या इतर वाटांपैकी खानापूर-नंदगड-हलशी चांगली. खानापुरातून हलशी साधारण पंधरा किलोमीटर, वाहतूक कमी. नंदगडला १८३१ साली इंग्रजांविरुद्ध लढलेल्या संगोळ्ळी रायण्णाला फाशी दिलं ते ठिकाण आणि हलशीत कदंबांच्या काळातलं भूवराह नरसिंहाचं देऊळ, दोन्ही थांबण्याजोगी. भात पिकायच्या दिवसांत या बाजूला हत्तीही येतात, गावकऱ्यांनी पुढे जाऊ नको म्हटलं की ऐकायचं. बिडीकडे पुढे सरकलात तर लाल माती संपून काळी सुरू होते, सोबत बाभळीचे काटे आणि कन्नड. बलक्के म्हणजे उजवीकडे, एडक्के डावीकडे, नेर म्हणजे सरळ, नीरु म्हणजे पाणी, आणि गाळी म्हणजे टायरमधली हवा. एवढ्यावर भागतं.

नवख्यांनी राकसकोपपासून सुरुवात करावी. गणेशपूर, बेळगुंदी, राकसकोप धरण, तुडये, शिनोळी, बाची आणि वेंगुर्ला रोडने परत, चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर. मार्कंडेय नदीवरच्या या धरणाचं पाणी शहर पितं, आणि त्याच्या काठचा रस्ता संबंध फेरीतला सर्वात शांत. तुडये, शिनोळी महाराष्ट्रात. सीमा कुठे हे कोर्ट ठरवेल तेव्हा ठरवेल, चाकाला ती डांबराच्या आवाजावरून कळते. कधी इकडचं बरं, कधी तिकडचं. वेंगुर्ला रोडवर मात्र गळीत हंगामात सावध. दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर, मागे दिवा नाही, आणि वळणावर मागची ट्रॉली आतल्या बाजूला घुसते. डावीकडून त्यांना कधीही ओलांडू नये.

आणि जांबोटीची फेरी झेपेल का हे बघायचं असेल तर आधी यळ्ळूरच्या राजहंसगडावर चढा. चढ छोटा पण खडा, डांबर वरपर्यंत. न उतरता, सीटवरून न उठता वर गेलात आणि वर पोचून बोलता येत असेल, तर झेपेल. धाप लागून बोलता येत नसेल तर आधी मागची कॅसेट, म्हणजे दातेरी चक्रांचा संच, बदला.