‘बॉनी अँड क्लाइड’ आणि कमी केलेला आवाज

प्रभात रस्त्याच्या एका गल्लीत, निवासी इमारतीच्या तळमजल्यावरील छोट्या सभागृहात, एक चित्रपट मंडळ दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी जुने विदेशी चित्रपट दाखवते. या वेळी आर्थर पेन दिग्दर्शित ‘बॉनी अँड क्लाइड’ (1967) होता. प्रवेशमूल्य चहासह 150 रुपये. चित्र स्वच्छ होते. इंग्रजी उपशीर्षके असल्यामुळे टेक्ससच्या ग्रामीण उच्चारांशी झगडावे लागले नाही. खुर्च्या मात्र लोखंडी होत्या, आणि त्यांची आठवण कंबरेने घरापर्यंत जपली.

महामंदीच्या काळातील दरोडेखोर जोडप्याची ही प्रेमकथा सुरुवातीला चक्क विनोदी आहे. एका दरोड्याच्या वेळी टोळीचा तरुण चालक सी. डब्ल्यू. मॉस बाहेर गाडी सज्ज ठेवण्याऐवजी ती दोन गाड्यांच्या मध्ये नीट लावून बसतो, आणि लूट घेऊन आलेल्या दोघांना निघताच येत नाही. प्रेक्षक खळखळून हसत असतानाच बँकेतील वयस्कर माणूस गाडीच्या पायरीवर चढतो, क्लाइड काचेतून गोळी झाडतो आणि रक्ताने माखलेला चेहरा समोर येतो. हसणाऱ्यालाच अपराधी वाटायला लावणारा हा सांधा पुढच्या कितीतरी गुन्हेपटांनी उचलला. आपल्याकडे 2005 साली आलेल्या ‘बंटी और बबली’ने जोडीच्या नावाची लय घेतली, रक्त मात्र सोडून दिले.

डेडे ॲलन यांच्या संकलनाची खरी ताकद शेवटी दिसते. झुडपांतून पक्षी उडतात, दोघे क्षणभर एकमेकांकडे पाहतात आणि गोळ्यांचा वर्षाव सुरू होतो. वेगवेगळ्या गतींनी चित्रित केलेले तुकडे एकत्र जोडल्यामुळे तो मृत्यू एकाच वेळी क्रूर आणि संथ भासतो.

नेमक्या याच ठिकाणी मंडळाच्या स्वयंसेवकाने आवाज निम्म्यावर आणला. निर्माता आणि नायक वॉरन बेटी यांनी, जॉर्ज स्टीव्हन्स यांच्या ‘शेन’ या वेस्टर्न चित्रपटाचा आदर्श ठेवून, गोळ्यांचे आवाज संवादांपेक्षा मुद्दाम मोठे ठेवले होते. लंडनमधील खेळात तिथल्या प्रक्षेपकानेही ते ‘दुरुस्त’ करण्यासाठी आवाज कमी-जास्त केला होता, ही बेटी यांनीच सांगितलेली आठवण आहे. त्यामुळे आमच्या स्वयंसेवकाला निदान परंपरा तरी होती.

खेळ संपल्यावर मी त्याला कारण विचारले. चित्रपट 111 मिनिटांचा, आणि अकराचा खेळ सव्वाअकराला सुरू झालेला. म्हणजे अखेरचा गोळीबार बरोबर एकनंतर येतो, आणि वरच्या मजल्यावरचे आजोबा एकला आडवे होतात. पुढच्या महिन्याचा खेळ संध्याकाळी सहाला ठेवावा, असे मी अभिप्रायवहीत लिहून आलो आहे.