१९६५-६६ ची फोर्ड मस्टँग: पुढचे ड्रम ठेवावेत की डिस्क बसवाव्यात?

एप्रिल १९६४ मध्ये न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात मस्टँग लोकांसमोर आली, तेव्हा तिच्या चारही चाकांवर ड्रम ब्रेक (चाकासोबत फिरणाऱ्या डब्याला आतून शू, म्हणजे अर्धगोल घर्षणपट्ट्या, दाबणारे) हीच साधी रचना होती. सहा सिलिंडरच्या गाडीला पुढे ९ इंची आणि व्ही-८ ला, म्हणजे आठ सिलिंडरच्या इंजिनाच्या गाडीला, १० इंची ड्रम मिळत. १९६५ च्या मॉडेलपासून पुढच्या चाकांसाठी केल्सी-हेज बनावटीच्या डिस्क (फिरत्या चकतीला दोन्ही बाजूंनी पॅड, म्हणजे घर्षणाच्या वड्या, दाबणारे ब्रेक) जादा पैसे मोजून घेता येत असत, पण बहुसंख्य गाड्या ड्रमवरच विकल्या गेल्या. त्यामुळे आज अशी जुनी गाडी हाती आलेल्या माणसापुढे पहिला प्रश्न बहुधा ब्रेकचाच उभा राहतो.

तुलनेला बसण्याआधी एक गोष्ट बाजूला काढून ठेवली पाहिजे, कारण ती डिस्क-ड्रमच्या वादात हमखास हरवते. १९६६ पर्यंतच्या मस्टँगचा मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडल दाबल्यावर चाकांकडे ब्रेक ऑइल ढकलणारा मुख्य पंप, एकाच कप्प्याचा आहे. म्हणजे चार चाकांपैकी कुठलाही एक रबरी होज फुटला किंवा एखादा व्हील सिलिंडर (चाकातले शू दाबणारा छोटा पंप) गळू लागला, की पेडल थेट फरशीला टेकते आणि हातात उरते ती डॅशखालची हँडब्रेकची मूठ, जी फक्त मागची चाके धरते. १९६७ च्या मॉडेलपासून फोर्डने पुढच्या आणि मागच्या चाकांसाठी वेगळे कप्पे असलेला दुहेरी मास्टर सिलिंडर दिला. तो जुन्या गाडीत बसवणे फारसे अवघड नाही: पेडलला जोडलेला पुश-रॉड (दांडा) नीट जुळवावा लागतो आणि मागच्या ब्रेकची लाइन ऑइल चाकांना वाटणाऱ्या मूळ वाटप-ब्लॉकपासून तोडून वेगळी न्यावी लागते. माझ्या मते हे काम आधी आणि बाकीचे सारे नंतर. नव्या चकचकीत डिस्क एकाच कप्प्यावर चालवणारा मालक दार पक्के करून कडी मोडकीच ठेवतो.

आता ड्रमकडे वळू. या गाडीचे ड्रम स्वतःच स्वतःला मदत करणाऱ्या रचनेचे आहेत: फिरणारा ड्रम पुढच्या शूला सोबत ओढतो, तो शू मागच्या शूला ढकलतो आणि पायाने दिलेला जोर आतल्या आत वाढत जातो. म्हणूनच बूस्टर (पायाचा जोर वाढवणारे उपकरण) नसतानाही पेडल हलके लागते, आणि नीट जुळवलेल्या ड्रमवर एकदा जोरात ब्रेक मारला तर गाडी समाधानकारक थांबते, कारण त्या एका वेळी मर्यादा टायरच्या पकडीची असते. खोट आहे ती याच गुणात. घर्षणातला लहानसा फरकही याच रचनेने वाढवला जातो, त्यामुळे एका बाजूच्या शूला पाणी किंवा ग्रीस लागले की गाडी लगेच एका बाजूला ओढते. दुसरी अडचण उष्णतेची. लांबलचक उतारावर ड्रम तापून फुगतो, शूपासून दूर जातो आणि पेडल खाली खाली जाऊ लागते. घाटात गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवून उतरवण्याची आपल्याकडची जुनी शिस्त इथेही तितकीच उपयोगी आहे, मात्र वाहत्या रस्त्यावर वारंवार थांबताना ती फार पुरत नाही.

डिस्कमध्ये ही आपोआप वाढणारी पकड नसते. पॅड जितक्या जोराने दाबला जाईल तितकेच घर्षण मिळते, म्हणून तिचे वागणे एकसारखे असते, पाणी लवकर झटकले जाते आणि उष्णता उघड्यावर निघून जाते. किंमत मोजावी लागते ती पायाच्या जोरात. त्यावर लोक लगेच इंजिनच्या व्हॅक्यूमवर (निर्वात ओढीवर) चालणारा बूस्टर सुचवतात, पण हाताच्या गिअरची गाडी असेल तर क्लचच्या जोडणीपाशी त्याला जागा मिळणे कठीण होते आणि इंजिनमध्ये जादा ताकदीसाठी बसवलेला तेज कॅमशाफ्ट (झडपा उघडणारा दांडा) असेल तर व्हॅक्यूमही कमी पडतो. थोड्या लहान व्यासाचा मास्टर सिलिंडर निवडला तर पेडलचा प्रवास किंचित वाढतो, जोर मात्र कमी लागतो. रोजच्या वापराला मला हाच मार्ग पटतो.

डिस्क घ्यायची ठरली तर तीन वाटा आहेत. मूळ केल्सी-हेज धाटणीचा चार पिस्टनचा स्थिर कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा चिमटा) गाडीच्या मूळ रूपाशी जुळतो, पण जुना ओतीव लोखंडी कॅलिपर घेतला तर त्याची आतली भिंत गंजून खड्डे पडलेली असण्याची शक्यता मोठी, म्हणून स्टेनलेस स्टीलची स्लीव्ह बसवलेलाच घ्यावा. दुसरी वाट १९७५-८० च्या फोर्ड ग्रॅनाडा या गाडीचे स्पिंडल (पुढचे चाक ज्यावर फिरते तो भाग) आणि ब्रेक उचलण्याची. एकेकाळी भंगार यार्डातून हे स्वस्तात मिळे आणि एक पिस्टनचा सरकता कॅलिपर देखभालीला सोपाही आहे, परंतु टाय-रॉडची (स्टिअरिंग चाकाला जोडणाऱ्या दांड्याची) टोके जुळवावी लागतात आणि स्टिअरिंगची भूमिती बदलल्याने खड्ड्यावरून जाताना गाडी आपोआप दिशा बदलू पाहते. स्वस्ताईचे कारणही आता फारसे उरलेले नसल्याने ही वाट मी सुचवणार नाही. तिसरी वाट म्हणजे विल्वुडसारख्या कंपन्यांचे हलक्या अॅल्युमिनियम कॅलिपरचे संच. ट्रॅकवर जाणाऱ्याला ते योग्य, पण मोठ्या डिस्कसाठी मोठी चाके घ्यावी लागतात आणि खर्च तिथेच फुगतो.

कुठलाही संच घेतला तरी दोन बाबी सुटू नयेत. ड्रमसाठी लाइनमध्ये सुमारे १० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) दाब राखणारी झडप असते. ती डिस्कच्या लाइनमध्ये राहिली तर पॅड सतत घासत राहतात. शिवाय मागचे ड्रम आधी लॉक होऊ नयेत म्हणून मागच्या लाइनमध्ये दाब कमी करणारा प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह हवा.

व्ही-८ नियमित हायवेवर किंवा डोंगराळ भागात चालवणाऱ्याने मूळ धाटणीच्या डिस्क घ्याव्यात. महिन्यातून एखाद्या रविवारी गाडी बाहेर काढणाऱ्याने मात्र दुहेरी मास्टर सिलिंडर, नवे होज, नवे शू आणि ताजे ब्रेक ऑइल एवढ्यावरच थांबावे. ड्रमचे आपोआप जुळणारे अॅडजस्टर मागे जाताना ब्रेक मारल्यावरच काम करतात, तेव्हा दुरुस्तीनंतर गाडी रिव्हर्समध्ये दोन-चार वेळा थांबवायला विसरू नये.

सहा सिलिंडरच्या गाडीचे गणित वेगळे आहे. तिची चाके चार बोल्टची, व्ही-८ ची पाच बोल्टची. व्ही-८ चे पुढचे सुटे भाग लावले तर पुढे पाच आणि मागे चार बोल्ट होतात, आणि डिकीतली स्टेपनी एकाच टोकाला बसते. हे टाळायचे तर मागचा अॅक्सलही बदलावा लागतो, नाहीतर चार बोल्टच्या चाकांसाठी बनवलेला डिस्क संच शोधावा लागतो. त्यातही कॅलिपर चाकात बसतो की नाही हे, १३ इंची असो वा १४ इंची, स्वतःचे चाक लावून पाहिल्यावरच पैसे मोजावेत.