हॉलसाठी ४३ इंची टीव्ही: चित्र बघायचं की चॅनेल?

पंचवीस ते चाळीस हजारांत ४३ इंची टीव्ही घ्यायचा म्हटलं की फोर के, एचडीआर, तीन एचडीएमआय आणि बोलून शोधायचा रिमोट हे बहुतेक सगळीकडे असतंच. त्यामुळे ती यादी इथे देत नाही. माझ्यापुढे शेवटी दोनच टीव्ही उरले होते. त्यातला एक सांगलीला मेव्हण्यांकडे आधीपासून होता, दुसरा मी पुण्यात घेतला. सुट्टीला तिकडे गेलो की त्या टीव्हीचा रिमोट माझ्याच हातात असतो, म्हणून दोन्ही चांगले ओळखीचे आहेत. कंपन्यांची नावं मुद्दाम टाळतोय. मॉडेलं दरवर्षी बदलतात, आणि त्याच कंपनीच्या पुढच्या मॉडेलात पॅनल, म्हणजे चित्र उमटवणारा पडदा, वेगळ्याच जातीचा निघू शकतो. मेव्हण्यांचा तो पहिला, आमचा तो दुसरा.

चित्रात पहिला सरस आहे, यात वाद नाही. त्याचा पॅनल व्हीए जातीचा, आमचा आयपीएस. कागदावर व्हीएचा कॉन्ट्रास्ट, म्हणजे पांढऱ्या-काळ्यातला फरक, तीन हजारास एक किंवा त्याहून वर असतो, आयपीएसचा हजारास एकच्या आसपास, आणि हा फरक नुसत्या डोळ्यांना कळतो. रात्री दिवे मालवून सिनेमा लावला तर मेव्हण्यांकडे काळोख काळा दिसतो, आमच्याकडे राखाडी. पण व्हीएची खोड अशी, की त्याच्या समोरच बसावं लागतं. बाजूला बसलेल्याला रंग फिके दिसतात. आणि आपल्याकडे एक सोफा समोर, दिवाण बाजूच्या भिंतीला आणि एक जण जेवणाच्या टेबलावरून मान वाकडी करून बघणारा, अशीच मांडणी असते. आयपीएसवर तिघांनाही जवळपास सारखं दिसतं. दिवसा गॅलरीचं दार उघडं असेल तर काळा किती काळा हा प्रश्नच उरत नाही. पडद्यावर दोरीवरचे टॉवेल दिसत असतात. दोन्ही घरांत.

शिवाय आपण बघतो काय, हेही आहेच. साधं एसडी चॅनेल ५७६ ओळींचं, ते टीव्हीला २१६० ओळींवर ताणायचं असतं. हे काम दुसरा जरा नेटकेपणाने करतो असं मला वाटतं, पण हे माझे डोळे सांगतायत, मोजमाप केलेलं नाही. हालचाल गुळगुळीत करणारी सोय मी दोन्हीकडे बंद करून टाकली. तिच्यामुळे सिनेमातली माणसं मालिकेतली वाटायला लागतात. डॉल्बी व्हिजन, म्हणजे उजेड-अंधारातला फरक खुलवणारी सोय, पहिल्यात आहे, दुसऱ्यात नाही. या किमतीच्या टीव्हीचा उजेडच बेताचा असतो, तेव्हा मला त्याची उणीव भासलेली नाही.

आता ज्या गोष्टीने माझा निर्णय झाला ती. ऐकायला क्षुल्लक आहे.

पहिला टीव्ही चालू केला की तो आधी स्वतःचं दुकान मांडतो. वर अर्धा पडदाभर कुठल्यातरी वेब सिरीजची जाहिरात, खाली 'तुमच्यासाठी' म्हणून पोस्टरच्या ओळीवर ओळी. सेट टॉप बॉक्स हवा असेल तर इनपुटचा मेनू शोधा, एचडीएमआय एक की दोन ते आठवा, ओके दाबा. आपल्याला चार बटणांचं काम, सासूबाईंना रोजचा अडथळा. सातची मालिका बघायला त्या सातलाच टीव्ही लावतात; त्याआधी लावणं त्यांना उधळपट्टी वाटते. चुकून जाहिरातीवरच ओके दाबलं गेलं की ॲप उघडतं, ते लॉगिन मागतं, आणि मी तिथे असलो की आतून हाक येते, "जावईबापू, हे काय आलंय बघा हो."

त्यात आपली भिंतीवरचं बटण बंद करायची सवय. रिमोटने बंद केलेला टीव्ही स्टँडबायवर असतो, म्हणून पटकन सुरू होतो. बोर्डावरूनच बंद केला तर आतली सगळी यंत्रणा पहिल्यापासून सुरू व्हावी लागते. कंपनीचं चिन्ह, मग काळा पडदा, मग पुन्हा चिन्ह, मग होम दिसतं पण रिमोट ऐकत नाही. तोवर मालिकेचं शीर्षकगीत संपलेलं असतं. स्टँडबायला अर्धा वॅट धरला तर वर्षाला साडेचार युनिटांच्या आतच वीज जाते, हे मी मेव्हण्यांना कागदावर मांडून दाखवलं. त्यांना पटलंही. पण एप्रिल-मेमध्ये वळीव कडाडायला लागला की बटण काय, पिनच काढावी लागते, डिशच्या वायरसकट. ते बरोबरच आहे.

दुसऱ्या टीव्हीत एक सेटिंग आहे: चालू झाल्यावर शेवटचा इनपुट. ते एकदा लावून ठेवलं की बटण बंद करा, लाईट जाऊ द्या, टीव्ही परत उघडतो तो थेट सेट टॉप बॉक्सवर. सुरू व्हायला त्यालाही वेळ लागतो, थोडा कमी इतकंच. पण सुरू झाल्यावर समोर चॅनेल असतं. जाहिराती त्याच्याही होमवर आहेत. होमचं बटण दाबल्याशिवाय त्या समोर येत नाहीत. पहिल्यात हे सेटिंग मी मेनूच्या तळापर्यंत जाऊन शोधलं. त्या मॉडेलात तरी मला सापडलं नाही. काही टीव्हींत 'फक्त ॲप्स' असा पर्याय मिळतो, त्याने शिफारशींच्या ओळी जातात, पण उघडतं ते होमच.

एका मित्राचं म्हणणं असं, की पॅनल चांगला तो घ्यावा आणि वर तीन-चार हजारांची स्टिक लावावी, म्हणजे एचडीएमआयमध्ये खोचायची, ॲप्स चालवणारी कांडी. ॲप्सपुरतं हे खरंय. या टीव्हींत रॅम दीड-दोन जीबी आणि साठवण आठ जीबीच्या आसपास असते, काही वर्षांनी ॲप्स रेंगाळणारच, तेव्हा स्टिक कामाला येते. पण स्टिक म्हणजे टीपॉयवर आणखी एक रिमोट, आणि सासूबाईंना ज्या सेट टॉप बॉक्सवर जायचंय तिथे जायला स्टिकचा काहीच उपयोग नाही.

आवाज पहिल्याचा बरा. दोन्हींवर वीस वॅट लिहिलंय, तरी पंखा पाचवर असला की आमच्याकडे संवादासाठी आवाज वाढवावा लागतो, मग जाहिरात लागली की घर दणाणतं. साउंडबार जोडायचा असेल तर ज्या एचडीएमआयवर एआरसी लिहिलंय (टीव्हीचा आवाज बाहेर पाठवणारं पोर्ट) त्यालाच जोडावा लागतो. ते पोर्ट मागे आहे की बाजूला, हे भिंतीला ब्रॅकेट ठोकायच्या आधी पाहून घ्या.

किमतीत आमचा थोडा महाग पडला. बाकी २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांवरच्या टीव्हींचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय. ३२ आणि त्याखालचे आधीपासून १८ मध्येच होते, त्यामुळे करापायी बत्तीसवरच थांबायचा जुना हिशेब आता राहिलेला नाही.

दुकानात टीव्ही बहुतेक दुकानी मोडवर भडक रंगात लावलेले असतात. आधी होम मोड लावायला सांगा, मग सेट टॉप बॉक्सवरचं एखादं साधं एसडी चॅनेल. आणि मग बोर्डाचं बटण बंद करून परत चालू करायला सांगा. सेल्समन जरा विचित्र नजरेने बघेल, बघू दे. टीव्ही कुठे उघडतो तेवढं पाहा.

तुमच्याकडे सेट टॉप बॉक्सच नसेल, सगळं ॲपवर चालत असेल आणि बघणारे दोघंच, तेही नीट समोर बसून, तर यातली निम्मी तक्रार तुम्हाला लागू नाही. पहिला घ्या, चित्र छान आहे, पैसेही वाचतील. मेव्हणे मात्र तो बेडरूममध्ये हलवायचा म्हणतायत, आणि परवा फोनवर आमच्या टीव्हीचा मॉडेल नंबर विचारत होते.