128 जीबी म्हणून विकलेलं 16 जीबीचं कार्ड

ट्रेकला कॅमेरा नेणाऱ्यांनी हे जरूर वाचा. ही फसवणूक दुकानात कळत नाही, घरीही कळत नाही.

मुंबईतल्या एका दुकानातून 128 जीबीचं मेमरी कार्ड घेतलं. नावाजलेल्या कंपनीचं पाकीट, शाबूत सील, भाव बाजारापेक्षा थोडासाच कमी. कॅमेऱ्यात फॉरमॅट केलं तेव्हा जागाही पूर्ण दिसली.

ऑक्टोबरात पाचनईमार्गे हरिश्चंद्रगड चढलो. कोकणकड्यावर रात्रभर ताऱ्यांच्या रेषांसाठी कॅमेरा ट्रायपॉडवर होता. 30 सेकंदांचं एक एक्स्पोजर, म्हणजे तासाला एकशेवीसच्या आसपास रॉ फाइल्स (कॅमेऱ्याच्या मूळ, प्रक्रिया न केलेल्या फाइल्स). सकाळी ऊन पाठीशी आलं, समोरची दरी धुक्याने भरलेली, आणि त्या धुक्यावर इंद्रवज्र उमटलं! सप्तरंगी गोल कडं आणि मधोमध आपलीच सावली. याच्यासाठी वर्षानुवर्षं हा गड चढतोय. प्रत्येक फोटो पडद्यावर नीट दिसत होता.

घरी आल्यावर रात्रीचे बहुतेक फोटो उघडले. सकाळच्या फाइल्सची नावं होती, आकार होता, आत काहीच नव्हतं.

अशा कार्डाच्या कंट्रोलर चिपमध्ये, म्हणजे कार्डाचं कामकाज सांभाळणाऱ्या चिपमध्ये, खोटी क्षमता भरलेली असते. खरी जागा संपली तरी कार्ड 'साठवलं' असंच कळवत राहतं आणि पुढचा डेटा टाकून देतं. फोटो काढल्याबरोबर जो दिसतो तो कॅमेऱ्याच्या स्वतःच्या तात्पुरत्या मेमरीतून, त्यामुळे शंका यायला जागाच नसते. रिकव्हरी करणाऱ्यानेही हात टेकले. जे लिहिलंच गेलं नाही ते कुठून काढणार?

नवीन कार्ड आणलं की विंडोजवर 'एचटूटेस्टडब्ल्यू' किंवा लिनक्स-मॅकवर 'एफथ्री' हे कार्ड तपासणारं सॉफ्टवेअर चालवा. दोन्ही मोफत आहेत. कार्ड शेवटपर्यंत भरून पुन्हा वाचून बघतात, त्यामुळे वेळ लागतो. निघायच्या आदल्या रात्री नको, आठवडाभर आधी करा.

दुकानदार म्हणाला, "विकलेला माल परत घेत नाही." हे धादांत चुकीचं आहे. 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार सदोष माल परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, बिल न देणं हीसुद्धा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915. पक्कं बिल, पाकीट आणि चाचणीच्या निकालाचा स्क्रीनशॉट जपून ठेवा.

सोबतच्या मित्राने त्याच दुकानातून घेतलेलं कार्ड तपासलं, तेही 16 जीबीचंच निघालं. आता आम्ही दोघंही तक्रार करतोय.